ईएसआय: कामावर आला, त्याच दिवशी नंबर

साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात पॉवर प्रेसवर कुणाचं बोट सापडलं की रिक्षा बोलावण्याआधी मालकाचा एक फोन अकाउंट्स बघणाऱ्याला जातो. "याचा ईएसआय नंबर काढलाय ना?" पलीकडून बऱ्याचदा उत्तर येतं, "शेठ, महिनाअखेरीला सगळ्यांचे एकदम काढणार होतो."

मुंबईतल्या लहान मालकांचा ईएसआयबद्दलचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेबद्दलचा, सगळा गोंधळ या उत्तरात आहे. बहुतेकांना वाटतं, दर महिन्याला चलान भरलं की आपलं काम संपलं. प्रत्यक्षात चलान हा सगळ्यात सोपा भाग आहे. कामगाराला दवाखान्याच्या खिडकीवर औषध मिळेल की नाही, आजारपणात पैसे मिळतील की नाही, हे ठरतं ते नोंदींवरून: रुजू झाल्याची तारीख, भरलेले दिवस, कुटुंबाची नावं, निवडलेला दवाखाना. या नोंदी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि त्या चुकल्या की भोगतो तो कामगार.

ही योजना आजची नाही. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, त्यावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपल्याकडे जुने गिरणी कामगार तिला राज्य कामगार विमा योजना म्हणूनच ओळखतात. आता बदललंय ते एवढंच की २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. वर्गणीचे दर तेच राहिले, पगाराची मर्यादा तीच राहिली. पण 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली, आणि तिथे अनेकांचे हिशेब उलटेपालटे होतात. त्याकडे येतोच.

दहा माणसं म्हणजे कोण

हंगामी कारखाने सोडले तर दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली प्रत्येक आस्थापना यात येते. महाराष्ट्रात दुकानं, हॉटेलं, कार्यालयं यांना बरीच वर्षं वीस माणसांची मर्यादा होती, त्यामुळे "आमच्याकडे चौदाच आहेत, आम्हाला लागू नाही" हे वाक्य दादरपासून भुलेश्वरपर्यंत अजून ऐकू येतं. संहितेत आकडा दहाचा आहे. धोकादायक म्हणून सरकारने अधिसूचित केलेल्या कामात एक माणूस असला तरी योजना लागू करता येते.

मोजताना गफलत होते. दहाच्या आकड्यात फक्त कमी पगाराची माणसं धरायची नसतात. ४०,००० पगाराचा मॅनेजर विम्यात येत नाही, पण डोकं म्हणून मोजला जातो. कंत्राटदाराने पाठवलेला हाउसकीपिंगचा मुलगा, दिवाळीपुरता घेतलेला पॅकिंगवाला, अर्धा दिवस येणाऱ्या बाई, सगळे मोजायचे. मालक स्वतः आणि भागीदारीतले भागीदार मोजायचे नाहीत. पगार घेणारा संचालक मात्र मोजला जातो. 'ट्रेनी' असा शिक्का मारून माणूस बाहेर ठेवता येत नाही. अॅप्रेंटिस कायद्याखाली रीतसर नोंदलेला शिकाऊ उमेदवार तेवढा वेगळा.

एकदा लागू झाली की माणसं दहाच्या खाली गेली तरी योजना सुटत नाही. सात माणसं राहिली म्हणून भरणा थांबवणाऱ्यांना दोन-तीन वर्षांनी व्याजासकट मागणी येते. उलट, सातच माणसं असलेल्या दुकानदाराला मनापासून यायचं असेल तर मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांच्या संमतीने स्वेच्छेने येण्याची सोय संहितेत आहे. माझ्या मते चाळीतल्या लहान वर्कशॉपवाल्यांनी याचा गंभीरपणे विचार करावा, कारण एका मोठ्या अपघाताने असा धंदा बंद पडू शकतो.

योजना लागू झाली की पंधरा दिवसांत, ती चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी करून सतरा अंकी कोड नंबर घ्यायचा. नवी कंपनी काढताना कंपनी नोंदणीच्या अर्जातच हा कोड मिळतो, आणि तिथेच एक फसगत होते. कोड हातात असतो पण माणसं दोनच, म्हणून पोर्टलकडे कुणी बघत नाही. दीड वर्षाने दहावा माणूस येतो तेव्हा लॉगिन कुणाच्या मोबाईलवर आहे, हेच कुणाला माहीत नसतं. पासवर्ड आणि मोबाईल क्रमांक सीएच्या नावाने ठेवू नका. ते मालकाच्या ताब्यात असले पाहिजेत.

वेतन म्हणजे काय, आता

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कर्मचारी विम्यात येतो. दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा २५,००० आहे. वर्गणी वेतनाच्या ४ टक्के: मालकाचे ३.२५, कामगाराचे ०.७५. जुलै २०१९ पासून हाच दर आहे. सरासरी रोजचं वेतन १७६ रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचा हिस्सा माफ, मालकाचा माफ नाही. मुंबईत पूर्णवेळ माणसाला हे लागू होण्याची वेळ सहसा येत नाही, दोन तास येणाऱ्या झाडूवाल्या बाईंच्या बाबतीत येऊ शकते.

जुन्या कायद्यात घरभाडे भत्ता वेतनात धरला जायचा. संहितेत वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स (काम नसलेल्या काळात माणूस राखून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता). घरभाडे, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस, मालकाची पीएफ वर्गणी हे बाहेर. पण बाहेर ठेवलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर निम्म्यावरची रक्कम परत वेतनात मिळवायची.

एक हिशेब मांडून दाखवतो. कामगाराला एकूण मिळतात २८,०००. त्यात मूळ आणि महागाई भत्ता १२,०००, घरभाडे १०,०००, प्रवास ३,०००, ओव्हरटाइम ३,०००. जुन्या पद्धतीने मूळ आणि घरभाडे मिळून २२,००० झाले, म्हणून हा माणूस विम्याच्या बाहेर. नव्या व्याख्येने बाहेरच्या रकमा झाल्या १६,०००. एकूण २८,००० चे निम्मे १४,०००. म्हणजे २,००० जास्त, ते वेतनात मिळवायचे. १२,००० अधिक २,०००, वेतन १४,०००. हा माणूस विम्यात आला. त्याचे १०५ रुपये, मालकाचे ४५५.

'स्पेशल अलाउन्स' नावाचा भत्ता बाहेर ठेवायच्या यादीत नाही. पगारपत्रकात त्या नावाने मोठी रक्कम टाकली असेल तर ती वेतनातच धरावी लागते. भत्त्याची नावं आपल्याकडे बहुतेक वेळा जुन्या पत्रकातून उतरवलेली असतात, म्हणून प्रत्येक नावाखाली नक्की कशाचे पैसे देतो, हे एकदा बसून तपासा. ज्यांना आजवर 'मर्यादेच्या वर' म्हणून सोडून दिलं, त्या सगळ्यांचं वेतन नव्या व्याख्येने पुन्हा मोजा. हे काम एका दुपारचं आहे.

पगारवाढीचा प्रश्न नेहमी विचारला जातो. वर्गणीचे दोन काळ आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जुलैमध्ये वाढ देऊन वेतन २१,००० च्या वर गेलं तरी सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी भरावीच लागते, आणि ती वाढलेल्या पूर्ण वेतनावर. एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्येच माणूस बाहेर काढता येतो.

पहिला दिवस

नियमात नोंदणीसाठी दहा दिवसांची मुभा आहे. ती वापरू नका. कामाच्या अपघाताचा लाभ मिळायला आधी किती वर्गणी भरली याची अट नाही. पहिल्या दिवशी सकाळी रुजू होऊन दुपारी हात सापडला तरी कामगार हक्कदार असतो. पण अपघाताआधी मालकाने त्याची नोंदच केली नसेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन त्याचं भांडवली मूल्य मालकाकडून वसूल करू शकतं. मृत्यू झाला असेल तर अवलंबितांच्या पेन्शनचं आजचं मूल्य, एकरकमी. तिशीतल्या माणसाच्या बायकोला आयुष्यभर मिळणाऱ्या पेन्शनची रक्कम किती होईल, याचा अंदाज प्रत्येक मालकाने एकदा करून पाहावा.

म्हणून मुलाखत संपली, माणूस ठरला की त्याला सांगायचं: येताना आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँकेचं पासबुक आणि कुटुंबाचा फोटो घेऊन ये. पहिला चहा होईपर्यंत पोर्टलवर नोंद होते.

सगळ्यात आधी विचारायचं, "पूर्वी कुठे ईएसआय कापला जायचा का?" कापला जात असेल तर त्याचा दहा अंकी विमा क्रमांक आहे, तोच आपल्या कोडला जोडायचा. घाईत नवा नंबर काढला की एकाच माणसाची वर्गणी दोन खात्यांत विभागली जाते आणि आजारपणाच्या लाभाला दिवस कमी पडतात. हे निस्तरायला लोअर परळला ना. म. जोशी मार्गावरच्या पंचदीप भवनात किंवा मरोळच्या उपप्रादेशिक कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि तेही कामगाराला, रोज बुडवून.

नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच. बायकोचं नाव लग्नाआधीचं आधारवर असेल तर तेच. कुटुंबात नवरा-बायको, मुलं आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेतले अवलंबून असलेले आईवडील येतात. संहितेने बाईच्या बाबतीत सासू-सासऱ्यांचाही समावेश केला आहे. हे क्लार्कला सांगावं लागतं, कारण तो सवयीने फक्त नवरा आणि मुलं भरतो.

दवाखान्याचा रकाना लहान दिसतो, पण रोजच्या आयुष्यात सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. कामगार राहतो दिव्याला, कारखाना मरोळला, क्लार्क यादीत पहिला दिसलेला मरोळचा दवाखाना निवडतो. मग ताप आलेल्या माणसाने दिव्याहून गर्दीची लोकल पकडून, घाटकोपरला मेट्रो बदलून औषधाला यायचं? दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर (योजनेशी जोडलेला खासगी डॉक्टर) घराजवळचा निवडा. घरची माणसं कोल्हापूरला असतील तर कुटुंबासाठी तिकडचा वेगळा दवाखाना निवडता येतो. त्याला विचारा, बायको-मुलं कुठे असतात. हा प्रश्न फॉर्म भरणारा फार क्वचित विचारतो.

मग ई-पहचान कार्डाची, म्हणजे विम्याच्या ओळखपत्राची, प्रिंट काढायची, फोटो लावायचा, त्यावर सही-शिक्का मारायचा आणि कार्ड कामगाराच्या हातात द्यायचं. कपाटात फाईलला लावून ठेवलेलं कार्ड रात्री दोन वाजता मुलाला घेऊन कांदिवलीच्या किंवा मुलुंडच्या ईएसआय रुग्णालयात धावणाऱ्या बापाच्या काय उपयोगाचं? मोबाईलवर फोटोही पाठवून ठेवा.

महिन्याचा भरणा

भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. बारा माणसं, प्रत्येकाचं वेतन १६,००० धरलं तर एकूण १,९२,०००. कामगारांचे १२० प्रमाणे १,४४०, मालकाचे ६,२४०, चलान ७,६८० रुपयांचं. कामगाराचा हिस्सा अपूर्णांकात आला तर वरच्या रुपयात धरतात, त्यामुळे आपल्या एक्सेलमध्ये आणि पोर्टलवर दोन-चार रुपयांचा फरक दिसतो, त्याने घाबरायचं नाही.

पोर्टलवर महिन्याची फाईल चढवताना सहा रकाने असतात: विमा क्रमांक, नाव, वेतनाचे दिवस, एकूण वेतन, शून्य दिवस असल्यास कारणाचा आकडा आणि शेवटचा कामाचा दिवस. फाईल जुन्या एक्सेल प्रकारात सेव्ह करायची आणि क्रमांकाचे रकाने टेक्स्ट ठेवायचे, नाहीतर फाईल परत येते.

खरा घोळ 'दिवस' या रकान्यात होतो. ज्याला महिन्याचा पगार आहे आणि रविवारचाही पगार त्यात धरलेला आहे, त्याचे पूर्ण महिना भरल्यास ३० किंवा ३१ दिवस लिहायचे असतात. पगारी रजाही दिवसांत येते. पण हिशेबाच्या सवयीने जिथे तिथे २६ टाकले जातात. आता बघा. आधीपासून विमा क्रमांक असलेला, मधे काही महिने घरी बसलेला माणूस १५ जुलैला तुमच्याकडे रुजू झाला. जुलैचे १७, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, बेरीज बरोबर ७८. आजारपणाच्या लाभासाठी त्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी लागते. म्हणजे तो काठावर बसला. तुम्ही रविवार वगळून १५, २६, २६ लिहिलेत तर झाले ६७. वर्गणीचा एक रुपयाही कमी भरला नाही, तरी जानेवारीत त्याला कावीळ झाली तर वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळणारे पैसे गेले. त्याला कारणही कळत नाही. खिडकीवर एवढंच सांगतात की दिवस कमी आहेत. ज्याला रोजंदारीवर फक्त कामाच्या दिवसांचे पैसे मिळतात, त्याचे मात्र जेवढ्या दिवसांचे पैसे दिले तेवढेच दिवस.

दुसरी चूक कारणाच्या आकड्यात. सोडून गेलेल्या माणसाचं नाव नुसतं उडवून चालत नाही. शून्य दिवस, 'नोकरी सोडली' हे कारण आणि शेवटच्या दिवसाची तारीख भरावी लागते. ती भरली नाही तर तो माणूस तुमच्या यादीत लटकत राहतो. 'मर्यादेबाहेर गेला' हे कारण पोर्टल एप्रिल आणि ऑक्टोबरमध्येच घेतं, मधल्या महिन्यात ते निवडायला गेलात तर फाईल अडकते. बिनपगारी रजेवर असलेल्याला 'सोडून गेला' दाखवू नका. आजारी माणसाच्या बाबतीत तर हे पाप आहे, त्याचा चालू लाभच अडचणीत येतो.

आणखी एक. फाईल सबमिट झाली, चलान तयार झालं, म्हणजे भरणा झाला नाही. १५ तारखेला संध्याकाळी बँकेची साइट अडकते, चलान तसंच राहतं आणि महिनाभर कुणी बघत नाही. १० तारखेच्या आत उरका आणि भरल्याची पावती उतरवून ठेवा. उशीर झाला की वर्षाला १२ टक्के दराने व्याज लागतं, त्याशिवाय नुकसानभरपाई वेगळी.

कामगाराचा हिस्सा ज्या महिन्याच्या वेतनाचा, त्याच महिन्याच्या वेतनातून कापता येतो. मार्चमध्ये विसरलात आणि जुलैमध्ये आठवलं, तर ती चार महिन्यांची ०.७५ टक्के तुमच्या खिशातून. मालकाचा ३.२५ टक्के हिस्सा कुठल्याही नावाने कामगाराच्या पगारातून घ्यायचा नाही. 'सीटीसी'च्या (कामगारावरच्या एकूण खर्चाच्या) नावाखाली दोन्ही हिस्से कापणारी पगारपत्रकं मुंबईत सर्रास दिसतात. योजना लागू झाली म्हणून चालू पगार कमी करणंही बेकायदा आहे. आणि कापलेला हिस्सा भरलाच नाही तर तो विश्वासाने ठेवलेला पैसा बुडवण्याचा गुन्हा ठरतो. संहितेत त्याला किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि एक लाख रुपये दंड आहे.

कंत्राटदार

मुंबईत निम्मी माणसं कंत्राटदाराची असतात आणि "त्याचं तो बघेल" हे उत्तर ठरलेलं. कायदा आधी मुख्य मालकाला धरतो. कंत्राटदाराने भरलं नाही तर दोन्ही हिस्से तुम्ही भरायचे आणि मग त्याच्या बिलातून कापून घ्यायचे. तेव्हा त्याचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याचं चलान आणि सोबत नावांची यादी मागा. नुसतं चलान पुरत नाही. त्याची माणसं दहा ठिकाणी असतात आणि एकच चलान तो दहा जणांना दाखवतो. यादीतली नावं तुमच्या गेटवरच्या हजेरीशी ताडून बघा. आठ माणसं रोज येतात आणि यादीत पाच आहेत, हे गेटच्या वहीवरून पाच मिनिटांत कळतं.

तपासणीला येणारा अधिकारी हजेरीपत्रकाआधी लेजर उघडतो. दुरुस्ती आणि देखभाल, लोडिंग-अनलोडिंग, जॉबवर्क, पॅकिंग, लेबर चार्जेस ही खाती. गाळ्याचं प्लास्टर केलं, गवंड्याला दीड लाख रोख दिले, व्हाउचरवर फक्त 'बिल्डिंग रिपेअर'. यात मजुरी किती आणि माल किती, हे तुम्ही दाखवू शकला नाहीत तर तो अंदाजाने मजुरी धरून वर्गणी लावतो, आणि त्या अंदाजाशी भांडायला तुमच्याकडे कागद नसतो. बिल करतानाच माल आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, माणसांची नावं आणि दिवस लिहून घ्या. पाच वर्षांचे कागद जपून ठेवा.

अपघात झाला तर

आधी माणूस रुग्णालयात. जवळचं ईएसआय रुग्णालय लांब असेल तर जवळचं कुठलंही, जीव वाचवण्यापुढे नियम नाही. मग अपघाताच्या वहीत नोंद, आणि चोवीस तासांच्या आत पोर्टलवर अपघात अहवाल, जुन्या नियमांतला फॉर्म १२. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर लगेच.

अहवालात काय झालं ते नीट लिहा. "काम करताना हाताला लागलं" एवढं लिहून भागत नाही. "दुपारी सव्वातीनच्या सुमारास ४० टनी प्रेसवर ब्लँक बसवताना पायाचं पेडल दाबलं गेलं, उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पहिल्या सांध्यापासून, अमुक दोघांनी पाहिलं" असं लिहा. डावा हात की उजवा, हे चुकलं तर वैद्यकीय मंडळापुढे महिनोन्महिने जातात. मशीनला गार्ड नव्हता हे लपवण्यासाठी काही मालक अपघात 'घरी झाला' असं लिहायला लावतात. तसं केल्याने कामगार वेतनाच्या ९० टक्के दराने मिळणारा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ गमावतो, आणि मालकाचं एक मोठं संरक्षणही जातं. विमा असलेल्या कामगाराला कामाच्या इजेबद्दल मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, ती जबाबदारी महामंडळाने घेतलेली असते. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या पगाराचंही तसंच. ३.२५ टक्के जास्त वाटतात त्यांनी हा हिशेब धरावा.

घरून कामावर येताना किंवा परतताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरची इजा धरला जातो. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे. कळव्याला लोकलच्या दारातून पडलेला माणूस कामावरच येत होता हे सिद्ध करायला त्याच्याकडे पास असतो, पण शिफ्ट सकाळी सातची होती, हे फक्त तुमच्या नोंदवहीत असतं. अशा वेळी "आमच्या आवारात झालं नाही" म्हणून हात झटकू नका. शिफ्टची वेळ, त्या आठवड्याची हजेरी आणि त्याचा नेहमीचा रस्ता लिहून अहवाल द्या. रेल्वे पोलिसांच्या नोंदीची प्रत घरच्यांना मिळवायला मदत करा, त्यांना त्या दिवसांत काही सुचत नसतं.

लाभ चालू असताना, आजारपण असो, बाळंतपण असो की इजा, त्या माणसाला कामावरून काढता येत नाही आणि शिक्षाही करता येत नाही. तशी दिलेली नोटीस कायद्यापुढे टिकत नाही. या काळात महामंडळाकडून तो खरंच गैरहजर होता का, याची विचारणा येते. तिला वेळेत उत्तर द्या. तो कागद तुमच्या टेबलावर जितके दिवस पडून राहील, तितके दिवस त्याच्या खात्यात पैसे येणार नाहीत.